संगणकाचा हुकूम आणि यंत्राचा हात

माणसाने पहिले अवजार हाती घेतले तेव्हापासून एक प्रश्न त्याच्या पाठीस लागला आहे. आपल्या मनातली गोष्ट आपल्या हाताखालच्या शक्तीला सांगायची कशी? गाडीवानाने कासरा धरला, मोट हाकणाऱ्याने बैलांना हाकेची सवय लावली, आगगाडी आली तेव्हा गार्डाने हिरवा आणि तांबडा बावटा हाती घेतला. या सर्व खुणा दोन्ही बाजूंनी आधी ठरवलेल्या असतात, म्हणूनच त्यांचा उपयोग होतो. कासरा डावीकडे ओढला म्हणजे डावीकडे वळायचे, हे बैलाला ठाऊक नसेल तर गाडीवानाचे सारे कौशल्य वाया जाते.

आजच्या कारखान्यात बैलाच्या जागी विजेची मोटार आहे आणि गाडीवानाच्या जागी संगणक आहे. वाळूज, चिकलठाणा, चाकण, भोसरी अशा औद्योगिक वसाहतींत लोखंडाचा ठोकळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक कातणारी यंत्रे चालतात. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आयटीआय करून गेलेले तरुण त्या यंत्रांवर काम करतात, आणि सणावाराला घरी आले म्हणजे "संगणकावर मशीन चालवतो" एवढेच सांगतात. ऐकणारा मान हलवतो. पण पडद्यावर आकडा टाकल्यावर चार हातांवरचे जड लोखंड हलते कसे, हे कोडे त्याच्या मनात तसेच राहते. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये एक साधी केबल असते. त्या केबलमधून दोघांचे बोलणे कसे जुळवतात हे या लेखात सांगायचे आहे. आणि त्याहून अधिक महत्त्वाची, पण बहुधा दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे हे बोलणे मध्येच तुटले तर काय व्हावे, तेही पाहायचे आहे.

यजमान आणि आचारी

पहिली शंका अशी निघते की, संगणक एवढा हुशार आहे तर तो मोटारीला थेट का चालवीत नाही? मध्ये हा तिसरा कशाला? कारखान्यात या तिसऱ्याला "मोशन कंट्रोलर" म्हणतात. आपण त्याला गतिनियंत्रक म्हणू.

लग्नघरातले उदाहरण घ्या. यजमान आचाऱ्याला सांगतो की दोनशे पान आहे, जिलबी आणि मठ्ठा करा, बाराला पंगत बसेल. यानंतर कढईखालचा जाळ केव्हा वाढवायचा आणि पाक किती तारेचा ठेवायचा, हे यजमान पाहत नाही. त्याला पाहुण्यांचे स्वागत करायचे असते, भटजींना सामान काढून द्यायचे असते. जाळाकडे मात्र आचाऱ्याची नजर क्षणभरही हटून चालत नाही. संगणक यजमान आहे, गतिनियंत्रक आचारी आहे.

ही नुसती उपमा नव्हे. हिशोबानेही ते दाखवता येते. यंत्राचा एखादा भाग मिनिटाला १२ मीटर या वेगाने सरकत आहे असे समजा. म्हणजे सेकंदाला २०० मिलिमीटर. नेहमीचा संगणक एकाच वेळी अनेक कामे करीत असतो. पडदा रंगवतो, फाइल जपून ठेवतो, छपाईयंत्राला निरोप देतो. या गडबडीत मोटारीकडे पाहायला त्याला सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला तर आपल्या लक्षातही येणार नाही. पण तेवढ्या वेळात तो भाग १० मिलिमीटर पुढे गेलेला असेल. जेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची प्रतिष्ठा आहे तेथे पूर्ण एक सेंटिमीटर!

म्हणून मोटारीवर सतत नजर ठेवण्याचे काम गतिनियंत्रकाकडे असते. मोटारीच्या दांड्यावर एन्कोडर नावाचे मोजणीयंत्र बसवलेले असते. दांडा फिरला की ते बारीक बारीक टिचक्या मोजून कळवते. गतिनियंत्रक सेकंदाला हजार वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा विचारतो की कोठे असायला हवे होते आणि कोठे आहे; आणि जो फरक दिसेल त्याप्रमाणे मोटारीचा जोर वाढवतो किंवा कमी करतो. संगणकाने फक्त इतकेच सांगायचे की अमुक जागी जा, अमुक वेगाने जा, आणि पोहोचल्यावर कळव.

कागदाच्या फितीपासून तारेपर्यंत

आकड्यांच्या हुकमावर चालणारे कातकामाचे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली लोकांपुढे चालवून दाखवण्यात आले. त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या फितीवरून. पुढे कितीतरी वर्षे कारखान्यांतून अशाच फितींची भेंडोळी वागवली जात. फीत तेलकट होई, फाटे, आणि एक भोक चुकले तर मोलाचा ठोकळा भंगारात जाई. संगणक स्वस्त झाल्यावर फितीच्या जागी तार आली, पण कित्येक वर्षे यंत्राला आपण फीतच वाचतो आहोत असे वाटत राहिले!

याची एक खूण अजून शिल्लक आहे. तारायंत्राच्या काळी फीत वाचणाऱ्या यंत्राला "चालू कर" आणि "थांब" असे सांगण्यासाठी दोन गुप्त अक्षरे राखून ठेवलेली होती. आज फीत नाही, तरी जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर "माझे पोट भरले, जरा थांब" आणि "आता पुढचे दे" हे सांगण्यासाठी तीच दोन अक्षरे वापरतात. संगणकात ही व्यवस्था बंद ठेवली आणि यंत्र मात्र तिच्यावर विसंबून असले, म्हणजे लहान कार्यक्रम सुरळीत जातो आणि मोठा कार्यक्रम अर्ध्यावर बिघडतो. याचे कारण न कळलेला माणूस तास न्‌ तास केबल तपासत बसतो, पण केबलचा काही दोष नसतो.

पाच गोष्टींचे जुळणे

संगणक आणि गतिनियंत्रक यांचे बोलणे जुळवायचे म्हणजे पाच गोष्टी जुळवायच्या. पहिली वाट, दुसरी चाल, तिसरी पत्ता, चौथी भाषा आणि पाचवी माप.

वाट म्हणजे तार. १९६० साली अमेरिकेत आर-एस २३२ नावाचे एक मानक ठरले. त्यात किमान तीन तारा पुरतात. एक बोलण्याची, एक ऐकण्याची आणि एक दोघांची सामाईक. येथे नवशिक्या हटकून फसतो, कारण तो दोन्हीकडच्या बोलण्याच्या तारा एकमेकींना जोडतो. मग दोघेही बोलतात आणि कोणीच ऐकत नाही. सभेत असे घडले तर निदान आवाज तरी होतो, येथे तोही होत नाही. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी आले पाहिजे. ही वाट साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची. अंतर लांब असले, किंवा जवळपास वेल्डिंगची यंत्रे आणि मोठ्या मोटारी गोंगाट करीत असल्या, तर आर-एस ४८५ नावाची दुसरी पद्धत बरी. तीत एकच संदेश दोन तारांवरून एकमेकांच्या उलट धाडतात आणि ऐकणारा त्यांतला फरक तेवढा घेतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडत असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. ही वाट सुमारे १२०० मीटरपर्यंत जाते. अलीकडच्या यंत्रांना इथरनेटची केबल असते, म्हणजे कचेरीतल्या संगणकांना असते तीच.

चाल म्हणजे वेग. फ्रान्समधील एमिल बोदो या तारायंत्रतज्ज्ञाच्या नावावरून या वेगाच्या मापाला बॉड म्हणतात. ९६०० हा आकडा जुन्या यंत्रांवर फार आढळतो. दर सेकंदाला ९६०० वेळा तार "आहे" किंवा "नाही" असे म्हणते. एका अक्षराला आरंभाची एक खूण, अक्षराच्या आठ खुणा आणि शेवटची एक, अशा दहा खुणा लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे झाली. एक बाजू ९६०० ने बोलते आणि दुसरी १९२०० ने ऐकते असे झाले तर अक्षरे येतात, पण ती अर्थहीन असतात. पडद्यावर चित्रविचित्र खुणांचा सडा दिसला की अनुभवी माणूस आधी चाल तपासतो.

चालीबरोबर पॅरिटी नावाची एक साधी पडताळणी येते. इंग्रजी "ए" या मोठ्या अक्षराचा ठरलेला क्रमांक ६५. शून्य आणि एक यांच्या लिपीत तो १०००००१ असा लिहितात. यात "एक" दोनदा आला. सम पॅरिटी ठरली असेल तर बोलणारा शेजारी शून्य जोडतो, कारण संख्या आधीच सम आहे. वाटेत एक खूण उलटली तर एकांची संख्या विषम होते आणि ऐकणाऱ्याला संशय येतो. दोन खुणा एकदम उलटल्या तर मात्र ही युक्ती फसते. म्हणून महत्त्वाच्या संदेशाच्या शेवटी संपूर्ण संदेशावरून काढलेला एक मोठा पडताळा-अंक जोडतात. वाण्याच्या वहीत पानाच्या तळाशी बेरीज असते, तसाच हा प्रकार.

पत्ता ही तिसरी गोष्ट. एकाच वाटेवर अनेक यंत्रे असली तर कोणाशी बोलतो आहोत हे सांगावे लागते. इथरनेटवर हा पत्ता १९२.१६८.१.१० अशा चार आकड्यांचा असतो. त्याच्याबरोबर आणखी एक आकडा द्यावा लागतो, बहुधा २५५.२५५.२५५.०, तो असे सांगतो की पत्त्याचे पहिले तीन भाग गावाचे आणि शेवटचा घराचा. परभणीचा पिनकोड ४३१४०१ आहे. त्यातला पहिला ४ पाहूनच टपालखात्याला दिशा कळते, तसेच येथेही असते. संगणक १९२.१६८.१ या गावात आणि गतिनियंत्रक १९२.१६८.० या गावात असेल, तर एकाच टेबलावर शेजारी ठेवूनही ते एकमेकांना ओळखत नाहीत. आणि दोन यंत्रांना एकच पत्ता दिला तर काय होते, हे एकाच नावाचे दोन माणसे असलेल्या गल्लीतल्या पोस्टमनला विचारावे.

चौथी गोष्ट भाषा. येथवर अक्षरे बिनचूक पोहोचली. पण मराठी माणसाला तेलुगू अक्षरे बिनचूक ऐकू आली म्हणून अर्थ कळतो असे नाही. मॉडबस ही १९७९ साली मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने काढलेली भाषा अजून जगभर चालते. तिच्यात यंत्राच्या आत क्रमांक घातलेली खणांची फडताळे आहेत अशी कल्पना असते. अमुक क्रमांकाच्या खणात काय आहे ते सांग, किंवा अमुक खणात हा आकडा ठेव, एवढेच तिचे व्याकरण. पण कोणत्या खणात वेग आणि कोणत्यात जागा हे ज्याने यंत्र बनवले त्याच्या पुस्तकातच सापडते. काही ठिकाणी खणांची मोजणी शून्यापासून, काही ठिकाणी एकापासून होते. एका खणाचा हा फरक वेगाच्या जागी दिशा लिहून बसतो.

त्याहून लबाड अशी एक अडचण आहे. मोठा आकडा दोन तुकड्यांत पाठवतात; थोरला तुकडा आधी की धाकटा आधी, हे ठरलेले असावे लागते. १००० हा आकडा ३ आणि २३२ अशा दोन तुकड्यांत जातो, कारण ३ गुणिले २५६ अधिक २३२ बरोबर १०००. ऐकणाऱ्याने ते उलटे घेतले तर २३२ गुणिले २५६ अधिक ३, म्हणजे ५९३९५ होतात. वेग १००० मागितला आणि यंत्राने ५९३९५ ऐकला! येथे पडताळा-अंकही काही करू शकत नाही, कारण वाटेत काहीच बिघडलेले नसते. बोललेले सर्व नीट ऐकू आले, फक्त अर्थ उलटा घेतला गेला.

पाचवी गोष्ट माप. एन्कोडर एका फेऱ्यात १०००० टिचक्या देतो आणि त्या फेऱ्यात यंत्राचा आटा १० मिलिमीटर सरकतो असे समजा. मग एका मिलिमीटरला १००० टिचक्या. हे नाते नियंत्रकाला सांगितले नाही तर "५० सरक" या हुकमाचा अर्थ तो ५० टिचक्या असा घेईल, आणि यंत्र केसाएवढेही हलल्यासारखे दिसणार नाही. उलट, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला मिलिमीटर ठरले असेल तर सर्व काही पंचवीस पटींहून अधिक चुकते. हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे पाठवलेले एक यान नष्ट झाले. त्याच्या हिशोबात एका गटाने बळाचे माप पौंडांत दिले होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनांत आहे असे धरले होते. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते.

खोडदच्या माळावर

एवढी खटपट एका टेबलावरच्या यंत्रासाठी. आता हेच काम मैलोगणती पसरले तर काय होते ते पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे पाहायला मिळते. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे उभी केली. तिच्यात ३० तबकड्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. चौदा तबकड्या मध्यभागी जवळ जवळ आहेत आणि उरलेल्या सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे.

प्रत्येक तबकडीला दोन प्रकारे हलावे लागते. एकदा क्षितिजाला समांतर वाटोळे फिरणे आणि एकदा मान वर-खाली करणे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. तबकडीची नजर २१ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर अर्ध्या अंशाहूनही अरुंद असते. तेव्हा तबकडी दोनच मिनिटे स्वस्थ राहिली तर विषुववृत्ताच्या वरच्या आकाशातला तारा तिच्या नजरेतून निसटून जातो. आणि तीसही तबकड्यांनी एकाच वेळी एकाच बिंदूकडे पाहिले तरच त्यांची मिळून एक दुर्बीण होते.

नियंत्रणकक्षात बसलेला माणूस ३० तबकड्यांच्या मोटारी स्वतः हाकत नाही. मध्यवर्ती संगणकाचा हुकूम काचतंतूच्या वाटेने तबकडीच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या संगणकाकडे जातो. तो हुकूम मोटारींवर नजर ठेवणाऱ्या सर्वो यंत्रणेला सांगितला जातो. ती मोटारींना हलवते आणि आपण कोठे पोहोचलो ते त्याच वाटेने उलट कळवते. यजमान, कारभारी आणि आचारी अशी ही तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. ही सर्वो यंत्रणा मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली. खोडदच्या माळावर वारा जोराचा सुटला म्हणजे निरीक्षण बाजूला ठेवून तबकड्यांची तोंडे आकाशाकडे करून त्या उभ्या ठेवतात, कारण एवढे मोठे जाळे वाऱ्याला आडवे धरणे धोक्याचे. निरीक्षण पुन्हा करता येते, मोडलेली तबकडी सहज उभी करता येत नाही, हे त्यामागचे शहाणपण. यंत्राच्या सुरक्षिततेचा नियम कामाच्या नियमाच्या वर असतो; आणि येथून आपण मूळ मुद्द्याकडे येतो.

मौनाचा अर्थ

परभणीहून गंगाखेड-परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक आहे. नृसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते परिचयाचे आहे. एकेरी मार्गावरच्या लहान स्थानकांत चालत आलेली रीत पाहा. मागच्या स्थानकाचा मास्तर पुढच्याला विचारतो, गाडी सोडू का? पुढचा मास्तर मार्ग मोकळा असल्याची खात्री करून परवानगी देतो. परवानगीबरोबर एक गुप्त अंक सांगितला जातो आणि तो दोघांच्याही वहीत नोंदला जातो. विचारणा, होकार आणि नोंद या तिन्ही गोष्टी झाल्या तरच गाडी सुटते. पण या रीतीतली सर्वांत मोलाची गोष्ट निराळी आहे. पुढून काहीच उत्तर आले नाही तर गाडी सोडायची नाही. उत्तर नाही याचा अर्थ "नको" असा.

जुन्या हाताच्या सिग्नलचीही रचना अशीच. मास्तरने तरफ ओढून तार ताणून धरली असेल तरच तो हात "जा" असे म्हणतो. तार तुटली तर हात वजनाच्या योगाने आपोआप "थांबा" या जागी येतो. ज्याने हे योजले त्याने एक गोष्ट पक्की धरली होती की, तार कधी ना कधी तुटणारच.

संगणक आणि गतिनियंत्रक यांच्यामधली केबलही कधी ना कधी निघते. कोणाचा पाय अडकतो, उंदीर कुरतडतो, संगणक गोठतो, वीज जाते. अशा वेळी नियंत्रकाने काय करायचे? "शेवटचा हुकूम होता सरकत राहा, म्हणून सरकत राहतो" असे त्याने म्हणावे, की "मालक बोलत नाही, म्हणून थांबतो" असे म्हणावे? याचे उत्तर नियंत्रक स्वतः ठरवीत नाही. जुळणी करताना आपण त्याला जे सांगितले असेल तेच तो करतो, आणि काही सांगितले नसेल तर अनेक यंत्रे आज्ञाधारकपणे चालत राहतात.

यावर उपाय असा. संगणकाने ठरावीक वेळाने "मी आहे" असा एक छोटा संदेश पाठवत राहायचा, आणि तो ठरलेल्या मुदतीत आला नाही तर नियंत्रकाने यंत्र थांबवायचे. रात्री गस्त घालणाऱ्या रखवालदाराची काठी ऐकू येत राहावी, तसा हा प्रकार आहे. मुदत किती ठेवायची याचाही हिशोब आहे. सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने जाणारे यंत्र अर्ध्या सेकंदात १०० मिलिमीटर जाते, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढे. मुदत पाच सेकंदांची ठेवली तर ते एक मीटर जाते. त्या एका मीटरमध्ये कोणाचा तरी तळहात असू शकतो. कोष्टकातला हा आकडा म्हणजे एखाद्या कामगाराची बोटे आहेत, हे जुळणी करणाऱ्याने विसरू नये.

उलट, मुदत फारच तोकडी ठेवली तर यंत्र दिवसातून दहा वेळा उगाच थांबते. कामगार वैतागतो, मुकादम ओरडतो, आणि कोणीतरी एक दिवस ती व्यवस्थाच बंद करून टाकतो. त्यामुळे अतिसावधपणाही शेवटी असावधपणाच्या पदरी जातो. मुदत यंत्राच्या वेगावरून आणि तारेच्या खऱ्या स्वभावावरून काढावी. अंदाजाने टाकू नये.

थांबणे म्हणजे वीज तोडणे असेही नेहमी नसते. आडवा सरकणारा भाग वीज तुटल्यावर थोडा पुढे जाऊन थांबेल. पण उभ्या खांबावर चढलेले जड डोके मोटारीने सोडून दिले तर खाली कोसळेल. तेथे वीज गेल्यावर आपोआप आवळला जाणारा ब्रेक हवा. आणि तांबडे मोठे बटण, जे कोणीही धाव घेऊन दाबावे, त्याची तार संगणकातून नेऊ नये. ती थेट शक्ती तोडणाऱ्या व्यवस्थेकडे गेली पाहिजे. आग लागल्याची वर्दी ज्या माणसाला झोप लागली आहे त्याच्यामार्फत कशाला द्यावी?

पुन्हा बोलणे सुरू झाल्यावर

बोलणे तुटले तर काय हे ठरले, तरी अर्धा प्रश्न उरतो. ते पुन्हा सुरू झाले तर काय?

हा प्रश्न समजायला कारखान्यात जाण्याची गरज नाही. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर लावलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो. रात्री-अपरात्री लाईट येते आणि मोटार आपोआप सुरू होते. शेतकऱ्याची झोपमोड वाचते. सोय मोठी आहे. पण लाईट गेलेली असताना कोणी पंपाची जोडणी सोडून दुरुस्ती करीत बसला असेल आणि तेवढ्यात लाईट आली, तर तीच सोय जिवावर बेतते. म्हणून जाणता माणूस दुरुस्तीला बसण्याआधी ऑटो बंद करतो, मुख्य खटका पाडतो आणि फ्यूज काढून खिशात ठेवतो.

कारखान्यातल्या यंत्रालाही हाच न्याय. केबल पुन्हा जोडली गेली म्हणून यंत्राने अर्धवट राहिलेला हुकूम आपण होऊन पुरा करता कामा नये. मधल्या काळात कोणी आत हात घातला असेल, हत्यार बदलले असेल, ठोकळा सरकला असेल. यंत्राने आधी आपली मूळ जागा तपासावी, माणसाने डोळ्यांनी पाहावे आणि पुन्हा स्पष्ट हुकूम द्यावा. मगच काम पुढे चालावे. तुटलेले बोलणे जुळले म्हणजे विश्वास जुळला असे होत नाही, हा व्यवहारातला अनुभव यंत्रालाही लागू पडतो.

भिंतीवरचा कागद

शेवटी एक गोष्ट, जिला खर्च नाही. नवे यंत्र येते तेव्हा ते पुरवणाऱ्याचा माणूस दोन दिवस राहतो, आकडे भरतो, यंत्र चालवून दाखवतो आणि जातो. वर्षभराने संगणक बिघडतो, नवा आणतात, आणि मग कोणालाच आठवत नाही की चाल कोणती होती, पत्ता काय होता, मुदत किती ठेवली होती. काम अडते, तातडी असते, आणि तातडीत पहिल्यांदा वगळला जातो तो मौनाचा आकडा, कारण त्याच्यावाचूनही यंत्र छान चालते. ज्या दिवशी त्याची गरज पडते तो दिवस सोडला तर नेहमीच छान चालते!

म्हणून पाचही गोष्टींचे आकडे, थांबण्याची मुदत आणि पुन्हा सुरू करण्याचा क्रम एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहून यंत्राशेजारी लावावा, आणि कोणी काही बदलले तर तारीख घालून सही करावी. महिन्यातून एकदा, यंत्र रिकामे व सावकाश चालत असताना आणि आसपास कोणी नसताना, जाणत्या माणसाने केबल मुद्दाम काढून पाहावी. यंत्र ठरलेल्या मुदतीत थांबले तर कागद खरा. थांबले नाही तर तो कागद कितीही सुंदर अक्षरांत लिहिलेला असो, खोटा समजावा.

आपल्या गावचा मुलगा कारखान्यातून सुटीत येईल तेव्हा त्याला पगार किती, खोलीचे भाडे किती, हे आपण विचारतोच. त्याबरोबर एवढेही विचारावे की, बाबा रे, तुझ्या मशीनची केबल निघाली तर मशीन थांबते का? त्याला उत्तर ठाऊक असेल तर तो आपले काम जाणतो. ठाऊक नसेल, तर परत गेल्यावर पहिल्याच दिवशी तो ते विचारील. आणि ज्याला विचारील त्यालाही ते पाहावे लागेल.